दोन दिव्यांची साक्ष

फेब्रुवारी महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी, सकाळी साडेनऊ वाजता, बसस्थानकामागच्या रस्त्यावर, छापखाना आणि चष्म्याचे दुकान यांच्या मध्ये असलेल्या नऊ फूट रुंद गाळ्यात एक मोटारसायकल महिन्याभरात चौथ्यांदा ढकलत आणली गेली. तक्रार पहिल्या दिवसापासून एकच होती: चालत्या गाडीचा करंट जातो. दिवा, हॉर्न, इंजिन, सारे एका क्षणात मरते. आणि पुढे केव्हातरी, कोणी काही उपाय न करता, सारे पुन्हा जिवंत होते.

गाळ्याचा धनी तिला येताना पाहून उठला नाही. त्याने नाकावरचा चष्मा काढला, डोळे चोळले आणि चष्मा पुन्हा चढवला. जणू तेवढ्याने ती गाडी दुसऱ्या कोणाची ठरणार होती. हा मिस्त्री एकसष्ट वर्षांचा होता आणि गेली चौतीस वर्षे त्याने मोटारसायकलींच्या वायरिंगखेरीज दुसऱ्या कामाला हात लावला नव्हता. चेन, ब्रेक, इंजिन यांची दुखणी घेऊन कोणी आले की तो समोरच्या गॅरेजकडे बोट दाखवी. विजेचे दुखणे मात्र त्याच्याकडेच येई, आणि बहुधा चार ठिकाणी फिरून, चार जणांनी वाट लावल्यावर येई. हल्ली त्याचे गुडघे उकिडवे बसू देत नसत. म्हणून त्याने एका जुन्या स्टुलाचे पाय कापून ते वीतभर उंचीचे केले होते. त्यावर बसताना तो एकदा कण्हत असे आणि उठताना दोनदा.

“पुन्हा?” त्याने विचारले.

“पुन्हा,” गाडीचा मालक म्हणाला. घाम पुसायला त्याने रुमाल काढला, पण पुसण्याआधी त्याची नीट चौकोनी घडी केली. “रुग्णालयाच्या अलीकडे रस्ता खोदलाय ना, तिथल्या वळणावर. सात पन्नासला गेली. पुढं दोन किलोमीटर ढकलली. आठला भांडार उघडायचं, ते उघडलं आठ चाळीसला. आता तुमच्याकडे येताना पेट्रोलपंपापाशी परत मेली.”

हा मालक रुग्णालयाच्या औषधभांडाराचा भांडारपाल होता. वय पन्नाशीच्या पुढे, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली, बोलणे मोजून मापून. सकाळी आठ वाजता तो कुलपे उघडी, तेव्हा वॉर्डांना औषधे मिळत. तो आला नाही तर परिचारिका ट्रे घेऊन दारात ताटकळत. महिन्यात तीनदा त्या ताटकळल्या होत्या, आणि त्यातल्या एका सकाळी शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवलेला माणूस भुलीच्या औषधासाठी चाळीस मिनिटे छताकडे पाहत पडला होता. आजची चौथी खेप.

“मॅडम काय म्हणाल्या?” मिस्त्रीने विचारले. मॅडम म्हणजे रुग्णालयाच्या अधीक्षिका. भांडारपालाच्या तोंडून त्यांचे नाव न घेता त्यांचा उल्लेख इतक्या वेळा आला होता, की मिस्त्रीला त्या शेजारीच राहत असल्यासारखे वाटू लागले होते.

“म्हणाल्या, दर वेळी गाडी बंद पडते आणि दर वेळी मिस्त्रीकडे गेली की ठणठणीत असते, हे कसं काय? उद्या दुपारी बारापर्यंत मिस्त्रीचं लेखी आणा, की गाडीत खरोखर दोष आहे. नाहीतर चाव्या द्या आणि कागदं लावायच्या खोलीत जाऊन बसा.” भांडारपालाने रुमालाची घडी पुन्हा घातली. “एकोणीस वर्षं झाली मला. एक गोळी कमी भरलेली नाही.”

मिस्त्रीने गाडी स्टँडवर लावली. ठाऊक नसलेले बोलणे त्याला जमत नसे.

पूर्ण बंद पडलेली गाडी सोज्वळ असते. ती विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. तार इथे तुटली, फ्यूज इथे जळला, असे ती सांगून मोकळी होते. मधूनच बंद पडणारी गाडी मात्र वैद्याच्या दारात पाऊल ठेवताच ताप उतरणाऱ्या रोग्यासारखी असते. भांडारपालाची गाडी तशी होती. पहिल्या खेपेला मिस्त्रीने बॅटरीची टोके घासली, चौकटीला जोडलेली अर्थिंगची तार काढून, खरवडून, पुन्हा आवळली. त्याच खेपेला, काम संपल्यावर, किल्लीच्या भोकाखाली पत्र्यावर पडलेला अर्धचंद्राकृती ओरखडाही त्याने मेण लावून पुसून दिला होता. निव्वळ सौजन्य म्हणून. दुसऱ्या खेपेला त्याने फ्यूजची बैठक बदलली आणि हॅंडलच्या मानेपाशी वायरींवरचे काळे आवरण फाडून एकेक तार बोटांत धरून वाकवून पाहिली. मग स्वतः गाडीवर बसून, गुडघ्यांची क्षमा मागत, गतिरोधक आणि खड्डे शोधत अकरा किलोमीटर हिंडून आला. गाडी एकदाही कुरकुरली नाही.

तिसऱ्या खेपेला त्याने आपला जुना उपाय काढला. हॅंडलवर त्याने दोन लहान दिवे बांधले, एक तांबडा आणि एक पांढरा. तांबड्याची तार बॅटरीकडून किल्लीच्या स्विचपर्यंत येणाऱ्या करंटवर जोडली आणि पांढऱ्याची स्विचमधून पुढे निघणाऱ्या करंटवर. मग भांडारपालाला समोर बसवून, न्यायालयात शपथ देतात तशा गंभीरपणाने त्याने सांगितले होते, “गाडी मेली की बाकी काही बघू नका. कोणता दिवा गेला तेवढं बघा. दोन्ही गेले तर दोष अलीकडे. एकटा पांढरा गेला तर दोष पलीकडे. आणि लक्षात ठेवू नका, लिहून ठेवा.”

आज भांडारपालाने खिशातून ती चिठ्ठी काढली. आखलेल्या कागदावर तारीख, वेळ, ठिकाण आणि शेवटच्या रकान्यात निष्कर्ष, परवा संध्याकाळचा एक आणि आजचे दोन, एकाच वळणाच्या अक्षरात: तांबडा चालू, पांढरा बंद. तांबडा चालू, पांढरा बंद. तांबडा चालू, पांढरा बंद.

“असा साक्षीदार मला चौतीस वर्षांत भेटला नाही,” मिस्त्री म्हणाला, आणि दिवसात पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थोडी धुगधुगी आली. “किल्ली द्या.”

भांडारपालाने खिशातून गाडीची एकटी किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. मिस्त्री एकदा कण्हून स्टुलावर बसला.

दोष आता किल्लीच्या स्विचमध्ये होता, किंवा त्याच्या पुढच्या हातभर तारेत. तिसरी जागा उरलीच नव्हती. हा तर्क निर्दोष होता. पण तर्काला स्विचची संमती नव्हती. मिस्त्रीने किल्ली लावून फिरवली: तांबडा जळतच होता, पांढराही लागला. हॅंडल डावीकडे वळवले, उजवीकडे वळवले, तार ओढली, पिळली, स्विचवर पेचकसाच्या मुठीने टकटक केली. दिवे तसेच. मीटर लावून पाहिले; काटा जिथे असायला हवा तिथे गेला आणि तिथेच राहिला. त्याने किल्ली शंभर वेळा फिरवली, मोजून. मग आणखी शंभर वेळा. मनगट भरून आले. पांढरा दिवा दर वेळी बिनचूक लागला.

गाळ्याच्या मागच्या अंगाला, पडद्याच्या पलीकडे, शिवणयंत्राचा आवाज मघापासून चालला होता, तो थांबला. मिस्त्रीची थोरली बहीण पडदा सारून बाहेर आली. नवरा गेल्यापासून ती इथेच राहत होती. मागच्या खोलीत दिवसभर लोकांचे कपडे दुरुस्त करी आणि पडद्याआडून गाळ्यातला प्रत्येक शब्द ऐके.

“झालं का दोनशे?” तिने विचारले.

“झालं.”

“मग आता देऊन टाक त्यांना दोन ओळी लिहून. माणूस महिनाभर गाडी ढकलतोय. तुझा हात झिजतो का लिहायला?”

“काय लिहू, ताई? दोष आहे असं लिहू? कुठं आहे? मी पाहिलेला नाही.”

“त्यांनी पाहिलाय ना! तीनदा. वर दिवे बांधून पाहिलाय.”

“ते त्यांनी पाहिलं. मी काय पाहिलं ते मला लिहायचंय.”

“ऐकलंत?” ताई भांडारपालाकडे वळली. “लहानपणी आई विचारायची, बाहेर पाऊस पडतोय का रे? तर हा म्हणायचा, मघाशी पडत होता, आत्ताचं सांगता येत नाही. जेवायला वाढलं तरी याला आधी ताट तपासायचं असतं. न्यायमूर्ती!”

भांडारपाल हसला नाही. त्याने फक्त मान खाली घातली. “ताई, त्यांचं बरोबर आहे,” तो म्हणाला. “मीसुद्धा मोजल्याशिवाय सही करत नाही.” आणि मग, अगदी हळू, “पण उद्या बारा वाजता चाव्या द्याव्या लागतील.”

मिस्त्रीला हे ऐकू आले, आणि त्याने हातातला पेचकस उगीच पुसला. त्याच्या हट्टाला एक जुने कारण होते, ते ताईला ठाऊक होते आणि म्हणूनच ती ते बोलून दाखवत नसे. तिशीत असताना, ओळखीच्या माणसाने गळ घातली म्हणून, त्याने अपघातात सापडलेल्या, स्वतः न पाहिलेल्या एका गाडीविषयी लिहून दिले होते, की तिचा दिवा आधीपासून नादुरुस्त होता. त्या कागदाच्या जोरावर एक जण सुटला आणि ठपका येऊन दुसऱ्याची, बस चालवणाऱ्या एका गरीब माणसाची, नोकरी गेली. तो माणूस पुढे कित्येक वर्षे याच रस्त्याने जाताना मिस्त्रीला नमस्कार करी. त्याला काही ठाऊक नव्हते. तो नमस्कार चुकवण्यासाठी मिस्त्री दुपारी गाळ्याचे दार लोटून घेत असे. दार लोटण्याची सवय अजून गेली नव्हती. तो माणूस मात्र केव्हाच निवर्तला होता.

“तुमच्या पँटचा खिसा बघितला मी,” ताई भांडारपालाला म्हणाली. तिला शांतता फार वेळ सोसत नसे. “पार लोंबलाय. टाके निघालेत. इतकं काय भरता त्यात? द्या, न्यायमूर्तींचा विचार होईपर्यंत चार टाके घालून देते. पँट काढायला नको, अस्तर उलटं करा, तेवढ्यात होईल. खिसा रिकामा करा आधी.”

भांडारपालाने थोडे आढेवेढे घेतले. मग खिशात हात घातला आणि आतली वस्तू काढून कामाच्या टेबलावर ठेवली.

टेबलावरचे स्क्रू उडाले. मीटरचा काटा थरथरला. वाटीतले रॉकेल हिंदकळले. मिस्त्रीने मान वळवली.

तो चाव्यांचा जुडगा होता. बोटभर लांबीच्या, जाड लोखंडी, जुन्या कुलपांच्या चाव्या. त्यांच्यामध्ये क्रमांक कोरलेला पितळेचा तळहाताएवढा बिल्ला. आणि हे सारे पेलणारे एक कडे, बैलाच्या वेसणीला शोभेल असे.

“हे काय?” मिस्त्रीने विचारले.

“भांडाराच्या चाव्या. तेवीस आहेत.”

“हे नेहमी खिशात असतं?”

“खिशात, नाहीतर उशाशी. नियमच आहे तसा. ताबा घेताना लिहून दिलंय मी: चाव्या सदैव स्वतःजवळ, नजरेसमोर, आणि दुसऱ्याच्या हाती कदापि देणार नाही. रात्री दोनतीनदा उठून चाचपून बघतो. एकोणीस वर्षं सलग झोपलेलो नाही म्हणा ना.”

मिस्त्री स्टुलावरून उठला. या वेळी तो एकदाच कण्हला.

“आणि गाडी चालवताना?”

“गाडी चालवताना खिशात बोचतात. मांडीला वळ उठतात. म्हणून गाडीची किल्ली याच कड्यात असते. गाडीला लावली की सगळा जुडगा नजरेसमोर राहतो. नियमाला धरूनच.”

“मग मला एकटी किल्ली कशी देता?”

“कारण दुसऱ्याच्या हातात जुडगा द्यायचा नाही!” भांडारपालाला हा प्रश्नच बावळटपणाचा वाटला. “तुमच्याकडे आलो की कोपऱ्यावरच गाडीची किल्ली कड्यातून काढतो. चारही वेळा तसंच केलंय. आणि बंद पडल्यावरसुद्धा पहिल्यांदा किल्ली उपसतो, जुडगा खिशात टाकतो, मग ढकलतो. बेवारस ठेवायचा नाही ना.”

छापखान्यातले यंत्र पलीकडे धडधडत होते. मिस्त्रीने आधी गाडीकडे पाहिले, मग त्या जुडग्याकडे, आणि मग किल्लीच्या भोकाखालच्या पत्र्याकडे. महिन्याभरापूर्वी त्याने मेण लावून पुसलेल्या जागी तोच अर्धचंद्र पुन्हा उमटला होता, पहिल्यापेक्षा खोल. एकट्या किल्लीने असा ओरखडा पडत नाही. जड काहीतरी तिथे लोंबत होते, झुलत होते आणि प्रत्येक खड्ड्याला पत्रा खरवडत होते. त्याने ते पहिल्याच दिवशी पाहिले होते. पाहिले होते, आणि पुरावा पुसून, वर चमकवून दिला होता.

“मूर्ख,” तो म्हणाला.

“मी?” भांडारपालाने विचारले.

“तुम्ही नाही हो. लावा तो जुडगा गाडीला.” मिस्त्रीने कड्याकडे हात नेला, तसा भांडारपालाने झडप घालून जुडगा उचलला.

“हात लावू नका, मिस्त्री. राग मानू नका. पण लावू नका.”

“मग तुम्ही लावा, बाबा. मी माझे हात पाठीमागे बांधतो, हे बघा.”

भांडारपालाने गाडीची किल्ली कड्यात अडकवली, भोकात घातली आणि फिरवली. पांढराही लागला. जुडगा पत्र्यावर पसरून लोंबला. मिस्त्रीने पुढचे चाक लाकडी फळीवर चढवले आणि धाडकन खाली सोडले. जुडगा झुलला, पांढरा दिवा लुकलुकला. फळीवरून दुसऱ्यांदा चाक उतरले, आणि पांढरा दिवा गेला. तांबडा शांतपणे जळत राहिला. हॉर्न दाबला, आवाज नाही. गाडी मेली होती, आणि चौतीस वर्षे वायरी पाहणाऱ्या मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच गाळ्यात मेली होती.

मग त्याने पेचकसाचे टोक, हात न लावता, कड्याखाली घातले आणि जुडगा बोटभर वर उचलला. पांढरा दिवा लागला. खाली सोडला, गेला. उचलला, लागला.

“अगंबाई,” ताई म्हणाली. मिस्त्रीने स्विचचे मागचे झाकण सैल करून आत विजेरी मारली.

“आतली पितळेची पट्टी झिजलीय,” मिस्त्री सांगू लागला, आणि सांगताना त्याचा आवाज थकलेला, पण समाधानी होता. “वजन खाली ओढतं, किल्ली तिरकी होते, पट्टी सुटते. खड्डा बसला की हमखास. किल्ली उपसून एकटी लावली की पट्टी जागेवर. मी दोनशे वेळा एकटी किल्ली फिरवली. रोगी घरी ठेवून त्याचा कोट तपासत होतो मी. ताई, वजनकाटा आण.”

ताईने स्वयंपाकघरातला लहान काटा आणला. भांडारपालाने स्वतःच्या हाताने जुडगा त्यावर ठेवला. सहाशे चाळीस ग्रॅम. मिस्त्रीने आकडा कागदावर उतरवला, चष्मा बदलून पुन्हा वाचला, आणि मग आपल्या ठाशीव अक्षरात चार ओळी लिहून कागद भांडारपालापुढे धरला. त्यात लिहिले होते, की किल्लीच्या स्विचची पट्टी झिजल्याने गाडीचा करंट जातो. पट्टी किल्लीला जोडलेल्या सहाशे चाळीस ग्रॅम वजनाच्या जुडग्यामुळे झिजली. हे आपण स्वतः पाहिले.

भांडारपालाने कागद वाचला. वाचताना त्याचा चेहरा आधी उजळला आणि तिसऱ्या ओळीपाशी पडला.

“मिस्त्री, हे नका लिहू.”

“कोणतं?”

“जुडग्याचं. मॅडम म्हणतील, म्हणजे तुम्हीच केलंत! तुमच्याच चाव्यांनी तुमची गाडी मेली, आणि टेबलावर माणूस ताटकळला. सरळ लिहा, आत वायर तुटली होती. वायर काही तक्रार करायला यायची नाही.”

“वायर तुटलेली नाही.”

“अहो, एक शब्द! एका शब्दाने माझी एकोणीस वर्षं जातायत.”

मघापासून ताईच्या हातात सुई होती आणि तिने ती कपड्यात टोचलीही नव्हती. मिस्त्रीने दाराकडे पाहिले, जे तो दुपारी लोटून घेई.

“कागद बदलणार नाही,” तो म्हणाला. “पण कागद एकटा पाठवणारही नाही. उद्या मी येतो तुमच्याबरोबर. स्विच आज बदलत नाही; तो पुरावा आहे. तोवर जुडगा खिशात ठेवा आणि किल्ली एकटी लावा.”

“खिसा शिवायचाय अजून,” ताई म्हणाली, आणि शिवायला बसली. तिने दुहेरी दोरा घेतला.

शुक्रवारी साडेअकरा वाजता मिस्त्री भांडारपालाच्या मागे बसून रुग्णालयाच्या अंगणात उतरला. काखेत ती लाकडी फळी होती. रात्री गुडघ्यांनी त्याला झोपू दिले नव्हते, आणि भांडारपाल रोजच्याप्रमाणे उशाशी चाचपत जागा होता. दोघांचेही चेहरे सारखेच ओढलेले होते.

अधीक्षिका खाली आल्या. मिस्त्रीने त्यांची कल्पना उंच आणि करड्या आवाजाच्या बाई अशी केली होती. आल्या त्या ठेंगण्या, सुजलेल्या पायांच्या, सपाता घासत चालणाऱ्या. काखेत चार फाईली होत्या आणि पाचवी हातात.

“हे कागदावर भागलं असतं ना?” त्यांनी विचारले.

“कागदाशी वाद घालता येतो, मॅडम,” मिस्त्री म्हणाला. “गाडीशी येत नाही. पाच मिनिटं बघा.”

त्याने फळी टाकली. भांडारपालाने जुडगा लावला. चाक दोनदा उतरले आणि पांढरा दिवा गेला. पेचकसाने जुडगा उचलला, लागला. अधीक्षिकांनी फाईली गाडीच्या सीटवर ठेवल्या, स्वतः वाकल्या, आणि स्वतःच्या हाताने पेचकस धरून तेच दोनदा केले. मग कागद वाचला, तिसऱ्या ओळीसकट.

“म्हणजे दोष यांच्या चाव्यांचा.”

“पट्टी झिजली वजनाने,” मिस्त्रीने उत्तर दिले. त्याला एवढा वेळ उभे राहणे जड जात होते, म्हणून त्याने फळीच्या टोकावर एक पाय टेकवला. “वजन जुडग्याचं. जुडगा किल्लीला, कारण तो नजरेसमोर हवा. नजरेसमोर हवा, कारण तसं यांच्याकडून लिहून घेतलंय. यांनी लिहिलं तसं एकोणीस वर्षं पाळलं. माझ्यासमोर पाळलं, चाव्यांना हातसुद्धा लावू दिला नाही, आणि म्हणून मला दोष सापडत नव्हता. नियम मोडला असता तर गाडी पहिल्याच दिवशी दुरुस्त झाली असती. आता दोष कोणाचा, हे ठरवणं माझं काम नाही. मी वायरी बघतो.”

“तो नियम कोणी केला?” अधीक्षिकांनी भांडारपालाला विचारले.

“मला माहीत नाही, मॅडम. मी आलो तेव्हा छापील होता.”

“मी आले तेव्हाही.” त्यांनी जुडग्याकडे पाहिले. मग भांडारपालाच्या खिशाकडे, जिथे दुहेरी दोऱ्याचे टाके नवे आणि पांढरे दिसत होते. “हा तुम्ही घरी नेता? रोज?”

“रोज. उशाशी असतो.”

“रजेच्या दिवशी?”

“रजेच्या दिवशीही. भाचीच्या लग्नात होता. वरातीतसुद्धा होता.”

वरच्या मजल्यावरून कोणीतरी अधीक्षिकांना हाक मारली, तिकडे त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली. भांडारपालाने वरची गुंडी चाचपली, ती लागलेलीच होती. मिस्त्रीने घड्याळ पाहिले: बाराला चार मिनिटे कमी होती.

“उशीर झाला, तो खरा,” अधीक्षिका म्हणाल्या. “कारण सांगितलं, तेही खरं. भांडार यांच्याकडेच राहील. जुडगा आजपासून संध्याकाळी मेट्रनच्या कपाटात ठेवायचा आणि सकाळी सही करून घ्यायचा. आता गाडीची किल्ली काढा त्यातून.”